महाविद्यालयीन समूहगान (कोल्हापूर)

महाविद्यालयातील मुलामुलींनी हौसेने जमून, बहुधा स्वतःच बसवून गायलेले गाणे. गाणाऱ्यांत शास्त्र, वाणिज्य, अभियांत्रिकी अशा कोणत्याही शाखेचे विद्यार्थी असतात. रीतसर गाणे शिकलेला एखाददुसराच. तरीही हे गाणे ऐकावेसे वाटते, आणि त्याचे कारण या हौशीपणातच आहे.

कोल्हापूरची सांगीतिक कीर्ती मुख्यतः एकल गायनाची. शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेले जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादियाखाँ आणि १८८३ पासूनची संगीतसंस्था देवल क्लब ही तिची ठळक नावे. समूहगानाचे मूळ मात्र दरबारापेक्षा शाहिरीत शोधावे. शाहिरामागे उभे राहून ‘जी जी रं जी’ची झील, म्हणजे साथीचा सूर, धरणारा झीलकरी एकट्याने गाईलच असे नाही, पण त्याच्यावाचून पोवाडा उभा राहत नाही. एकट्याने माईकसमोर जायला बिचकणारा विद्यार्थी समूहात मोकळा होतो तो असाच.

शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) युवा महोत्सवात आधी जिल्हा आणि मग मध्यवर्ती फेरी होते. विद्यापीठांच्या युवा महोत्सवांतील प्रचलित नियमांनुसार समूहगीताला सहा गायक, तीन साथीदार आणि दहा मिनिटे मिळतात. चित्रपटगीत चालत नाही. ही बंदी फार उपकारक आहे. तिच्यामुळे मुले गावाकडची ओवी, गोंधळ, धनगरी गीत शोधू लागतात आणि आजीकडून शब्द उतरवून घेतात.

खरी कसोटी पट्टीची, म्हणजे कोणत्या सुराला ‘सा’ मानून गायचे याची. मुलांना हार्मोनियमची काळी एक सोयीची, मुलींना काळी चारच्या आसपास. दोघांनी एकत्र गायचे तर कुणाला तरी गळा ताणावा लागतो किंवा खर्जात उतरावे लागते. मग मुखडा सर्वांनी आणि कडवी आळीपाळीने, अशी वाटणी होते. लांबवलेल्या सुरावर श्वास एकाच वेळी घ्यायचा नाही, हे ठरवून घेतात. एकाचा दम संपला तरी शेजारचा सूर धरून असतो. सहा साध्या गळ्यांचा मिळून सातवाच आवाज ऐकू येतो तो इथे.

या सरावालाही तालीमच म्हणतात. कुस्तीच्या या शहरात तो शब्द घाम गाळण्याशी जोडलेला आहे आणि इथेही तो शोभतो. तास संपल्यावर रिकाम्या वर्गात बाकाचाच ताल धरून ती चालते. चाल सहसा कागदावर नसते. शेवटच्या वर्षाची मुले बाहेर पडली की ती मोबाइलमधल्या ध्वनिमुद्रणात आणि मागे राहिलेल्यांच्या कानांत उरते. नव्या वर्षी नव्या गळ्यांना ती तिथूनच शिकवली जाते.