फ्रीडम पास (लंडन)

लंडनमधील ज्येष्ठ आणि दिव्यांग रहिवाशांना शहरातील बस, ट्यूब (भुयारी रेल्वे), ट्राम, डीएलआर (डॉकलंड्स भागातील हलकी रेल्वे), ओव्हरग्राउंड व एलिझाबेथ लाइन या शहरी रेल्वेमार्गांवर मोफत प्रवासाची मुभा देणारा पास. लंडन हद्दीतील बहुतेक उपनगरी रेल्वेगाड्यांवरही तो चालतो. मात्र तिथे सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतरच. दहा लाखांहून अधिक लंडनकरांकडे हा पास आहे.

योजना 1973 मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल या साऱ्या शहराचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने सुरू केली. 1986 मध्ये ही कौन्सिलच बरखास्त झाली, तेव्हा योजनेचे काय होणार हा प्रश्न होता. शहरातील 32 बरो (स्थानिक पालिका) आणि सिटी ऑफ लंडन (मध्यवर्ती जुन्या भागाची स्वतंत्र पालिका) यांनी मिळून ती पुढे चालवली. आजही खर्च त्याच उचलतात आणि ‘लंडन कौन्सिल्स’ ही त्यांची संयुक्त संस्था कारभार पाहते. बरो आणि वाहतूक प्राधिकरण यांचे एखाद्या वर्षी मुदतीत एकमत झाले नाही, तर पर्यायी मोफत प्रवास योजना आपोआप लागू व्हावी, अशी तरतूद 1999 च्या कायद्यात आहे. राजकीय भांडणात म्हाताऱ्या माणसाचा पास अडकू नये, याची ही काळजी मोठी मोलाची आहे.

खर्चाची वाटणी प्रवासाच्या नोंदींवर होते. म्हणूनच तिकिटाचे पैसे कापले जाणार नसले तरी पासधारकाने बसमध्ये चढताना पिवळ्या यंत्राला पास टेकवायचा असतो.

वयाची अट सरकारकडून सर्वसामान्यांना मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाच्या वयाला बांधलेली आहे. 2010 पर्यंत साठीला पास मिळे. त्यानंतर वय टप्प्याटप्प्याने वाढत 2020 मध्ये 66 वर पोहोचले. आता ते 67 कडे सरकते आहे. साठी आणि पासचे वय यांच्या मधल्या लोकांची अडचण ओळखून 2012 मध्ये साठीपुढच्यांसाठी वेगळे मोफत प्रवासाचे ऑयस्टर कार्ड (लंडनच्या वाहतुकीचे तिकीट-कार्ड) आले.

वेळेचा प्रश्न जास्त दुखरा आहे. 2009 पासून ज्येष्ठांना शहराच्या वाहतुकीवर चोवीस तास मोफत प्रवास होता. करोनाकाळात, जून 2020 मध्ये, केंद्र सरकारने वाहतूक प्राधिकरणाला दिलेल्या अर्थसाहाय्याच्या अटींमुळे सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेचार ते नऊ ही सवलत थांबवली गेली आणि 2023 मध्ये हा बदल कायम झाला. नऊच्या आत घराबाहेर पडणारे सगळेच ज्येष्ठ काही हौसेने पडत नाहीत. कुणाला सकाळची रुग्णालयाची वेळ मिळालेली असते, कुणी सत्तरीतही साफसफाईच्या कामावर जात असते. त्यांना आता त्या फेरीचे भाडे भरावे लागते. दिव्यांगांच्या पासवर शहराच्या वाहतुकीत हे बंधन नाही.

दिव्यांगांची पात्रता 2000 च्या वाहतूक कायद्यातील प्रकारांनुसार ठरते : अंध किंवा अल्पदृष्टी असलेले, तीव्र कर्णबधिर, बोलू न शकणारे, चालण्यास दीर्घकालीन गंभीर अडचण असलेले, दोन्ही हातांचा वापर गमावलेले, बौद्धिक अक्षमता असलेले, तसेच वैद्यकीय कारणाने वाहन परवाना नाकारला जाईल असे. यांत न बसणाऱ्या, उदाहरणार्थ मानसिक आजार असलेल्या काही जणांना, बरो स्वतःच्या अधिकारात पास देऊ शकतात. मात्र सगळ्या बरो तो देत नाहीत. त्यामुळे सारखाच आजार असलेल्या दोघांपैकी एकाला पास आणि पलीकडच्या बरोतल्या दुसऱ्याला नकार, असे घडू शकते. ही योजनेतली खरी उणीव आहे.

2008 पासून इंग्लंडभर लागू झालेल्या सवलतीमुळे नेहमीच्या फ्रीडम पासवर लंडनबाहेरच्या स्थानिक बसनेही मोफत जाता येते, साधारणपणे कामाच्या दिवशी साडेनऊनंतर. बरोने स्वेच्छेने दिलेल्या पासला हा लाभ नाही.

लंडन हेच एकमेव किंवा मुख्य राहण्याचे ठिकाण असणे आवश्यक आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी ज्येष्ठांना तो मिळतो; मुलाकडे किंवा लेकीकडे काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना मिळत नाही, मग त्यांचे वय ऐंशी का असेना.

पास हातात असला तरी फलाटापर्यंत पोहोचता आले पाहिजे. लंडनच्या बसचा तळ खाली असतो आणि चाकाची खुर्ची चढवायला उतार (रॅम्प) असतो, त्यामुळे बसवर पासचा पुरा उपयोग होतो. ट्यूबच्या 272 स्थानकांपैकी मात्र जेमतेम एक तृतीयांश स्थानकांवरच रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांविना जाता येते. बाकीच्या ठिकाणी जुने जिने आणि सरकते जिने आहेत, आणि खुर्चीवरच्या माणसाला दोन स्थानके पुढे उतरून बसने मागे यावे लागते. 2022 मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या सर्व 41 स्थानकांवर ही अडचण नाही, आणि त्या मार्गावर हा पास लंडनची हद्द ओलांडून थेट पश्चिमेकडील रेडिंग शहरापर्यंत चालतो.