खताआधी कुंडीत बघा!

दुकानात रोज कुणी ना कुणी येतं आन् म्हणतं, "दादा, रोज पाणी घालायलोय तरी झाड सुकायलंय, एखादं भारी खत द्या." खत विकायला आम्हाला कशाला नको, पण आधी आम्ही विचारतो, कुंडी कधी बदलली? उत्तर बहुतेक वेळा, घेतलं तवापासून तीच.

एकाच कुंडीत दीड-दोन वर्षं झाली की मुळ्या गोल गोल फिरत बसतात, माती थोडी आन् मुळ्याच जास्त, मग वरून ओतलेलं पाणी कडेकडेनं सरळ खालच्या प्लेटीत उतरतं आन् आपल्याला वाटतं झाड पाणी प्यालं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आपण लातूरकर विसरलो नाही, मग असं कशाला वाया घालवायचं? त्यात आपलं बोअरचं पाणी जड, मातीवर पांढरी पापडी धरली की समजा क्षार साचलेत.

मागं एका ताईंचा एरिका पाम आला, प्लास्टिकची कुंडी कात्रीनं कापावी लागली, आत निव्वळ सुतळीचं बंडल!

कुंडी बदलायची कशी? आदल्या दिवशी पाणी घाला, कुंडी आडवी करून थोपटा, झाड गोळ्यासकट निघतं. मुळ्या बोटानं मोकळ्या करा, सडलेल्या तेवढ्या कापा. नवी कुंडी दोनच इंच मोठी, लई मोठी घेतली तर माती ओलीच राहते आन् मुळ्या कुजतात. आन् हात जोडून सांगतो, शेतातली काळी माती भरू नका, ओली असली की चिखल, वाळली की आकसून कडेपासून सुटते. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मूठभर निंबोळी पेंड, भोकावर खापराचा तुकडा, झालं.

मृगाचा पाऊस पडून गेला की करा, मे महिन्याच्या उन्हात बिलकुल नको. नंतर आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, पानं माना टाकतील, घाबरून खत ओतू नका, महिनाभर थांबा. स्नेक प्लांटला मात्र घाई नाही, त्याला दाटीतच बरं वाटतं, तीन वर्षांनी केलं तरी चालतं.

जमत नसंल तर झाड घेऊन या, मातीचे पैसे लागतील, हाताचे नाही. नुसती कुंडी घ्यायला येणार असाल तर जुन्या कुंडीचं माप आणा, अंदाजानं नेलेली परत द्यायला लोक दुसऱ्या दिवशी येतात.