अकरातले चार : परदेशी खेळाडूंच्या नियमामागचा शंभर वर्षांचा वाद

आयपीएलचा लिलाव आला की दोन तक्रारी हमखास कानावर येतात. परदेशी खेळाडूंवर एवढे कोट्यवधी उधळायचे कशाला, ही एक. आणि अकरा जणांत चारच परदेशी का, जास्त असते तर सामने आणखी रंगले असते, ही दुसरी. दोन्ही तक्रारी आयपीएलपेक्षा कितीतरी जुन्या आहेत. बाहेरचा खेळाडू आणावा का, किती आणावेत, तो आपल्या पोरांना शिकवतो की त्यांची जागा अडवतो, यावर क्रिकेटमध्ये शंभर वर्षं भांडण चालू आहे. या भांडणात आकड्यावरच खल फार झाला. पाहुणा किती काळ राहिला आणि त्याच्याकडे काम कोणतं सोपवलं, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. परिणाम मात्र बहुतेक वेळा त्यावरच ठरला.

सुरुवात लँकेशायर लीगपासून करायला हवी. उत्तर इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या गावांची ही लीग. शनिवारी दुपारी सामना, संघात गावातले दहा हौशी खेळाडू आणि एक पगारी 'प्रो'. नेल्सन गावाने १९२२मध्ये टेड मॅकडोनाल्डला आणलं. आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या संघातून इंग्लंडची दाणादाण उडवणारा हा वेगवान गोलंदाज. पुढे लँकेशायर कौंटीने (म्हणजे गावाच्या नव्हे, परगण्याच्या व्यावसायिक संघाने) त्याला आपल्याकडे घेतलं आणि १९२६ ते १९२८ अशी सलग तीन वर्षं कौंटी अजिंक्यपद पटकावलं. नेल्सनने मग १९२९मध्ये त्रिनिदादच्या लिअरी कॉन्स्टंटाइनशी करार केला. तो नऊ हंगाम राहिला. त्यांपैकी सात वेळा नेल्सनने लीग जिंकली, उरलेल्या दोन वेळा दुसरा क्रमांक मिळवला.

या यशामागे 'प्रो'च्या कामाचं स्वरूप होतं. त्याने सर्वात जास्त षटकं टाकायची, वरच्या क्रमांकावर फलंदाजी करायची आणि सामने नसतील तेव्हा क्लबच्या मुलांना शिकवायचं. अर्धशतक झालं की मैदानात टोपी फिरे आणि प्रेक्षक त्यात नाणी टाकत. कॉन्स्टंटाइन कुटुंबासह नेल्सनमध्येच राहिला. सुरुवातीला कृष्णवर्णीय माणूस म्हणून लोक त्याच्याकडे टकामका पाहत, नंतर तो त्यांच्यातलाच झाला. १९६९मध्ये त्याला ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात सन्मानाने स्थान मिळालं, तेव्हा त्याने आपल्या किताबात त्रिनिदादमधल्या मारावलच्या जोडीला नेल्सनचंही नाव घेतलं. आजच्या कुठल्या फ्रँचायझीच्या परदेशी खेळाडूबद्दल असं काही सांगता येईल?

आपल्याकडे त्या काळात परदेशी खेळाडू आले ते संस्थानिकांच्या हौसेमुळे, नाहीतर युद्धामुळे. नवानगरने रणजी करंडकात पदार्पण करतानाच १९३६-३७चं विजेतेपद मिळवलं, तेव्हा कर्णधार होता ससेक्सचा व्यावसायिक बर्ट वेन्स्ली. युद्धकाळात लष्करी नोकरीनिमित्त भारतात असलेला डेनिस कॉम्प्टन होळकर संघाकडून खेळला. १९४४-४५च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ केल्या, आणि होळकर तरीही ३७४ धावांनी हरले. कॉम्प्टनची खेळी लोकांच्या लक्षात राहिली, पण भारतीय क्रिकेटच्या दृष्टीने वेन्स्ली जास्त मोलाचा ठरला असं माझं मत आहे. कारण नवानगरमध्ये त्याच्या हाताखाली एक पोरगा घडत होता, विनू मंकड.

हाच मंकड पुढे स्वतः 'परदेशी खेळाडू' झाला. १९५२च्या इंग्लंड दौऱ्यासाठी आपली निवड नक्की होईल, अशी हमी त्याने भारतीय मंडळाकडे मागितली. मंडळाने ती दिली नाही. मंकडने लँकेशायर लीगमधल्या हॅस्लिंग्डन क्लबशी करार करून टाकला. हेडिंग्लीच्या पहिल्या कसोटीत भारताचे दुसऱ्या डावातले पहिले चार बळी धावफलकावर शून्य असताना पडले, आणि मंडळाला त्याच मंकडसाठी हॅस्लिंग्डनकडे शब्द टाकावा लागला. क्लबने त्याला सोडलं. लॉर्ड्सवर त्याने ७२ आणि १८४ धावा केल्या, ९७ षटकं टाकली, पहिल्या डावात पाच बळी घेतले. सामना भारत हरला. क्लबचा करार आधी की देशाचा संघ आधी, हा आज मंडळाच्या एनओसीच्या, म्हणजे ना हरकत पत्राच्या, कागदावर सुटणारा किंवा अडणारा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. लाला अमरनाथ आणि विजय हजारे यांनीही त्या लीगमधून कमाई केली. भारतात क्रिकेटवर पोट भरणं तेव्हा अवघड होतं.

साठच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या राज्यसंघांनी गॅरी सोबर्स, वेस हॉल आणि रोहन कन्हाय यांना शेफील्ड शील्ड या तिथल्या आंतरराज्य स्पर्धेत खेळवलं. साउथ ऑस्ट्रेलियाने सोबर्सच्या जोरावर १९६३-६४ची शील्ड जिंकली. १९७०-७१मध्ये बॅरी रिचर्ड्स त्याच संघाकडून खेळला, पर्थला ३५६ धावांची खेळी केली, आणि शील्ड पुन्हा साउथ ऑस्ट्रेलियाकडे आली. म्हणजे एका माणसाने स्पर्धेचं चित्र पालटतं, हे तिथे सिद्ध झालं होतं.

त्याच सुमारास भारताने केलेला प्रयोग आज जवळजवळ विसरला गेला आहे. १९६२च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात भारत पाचही कसोटी हरला. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरची कवटी फुटली, जीव वाचला पण कसोटी कारकीर्द संपली. आपल्या फलंदाजांना खरा वेग खेळायची सवयच नाही, हे मंडळाला कळून चुकलं. उपाय म्हणून १९६२-६३च्या हंगामासाठी वेस्ट इंडीजचे चार वेगवान गोलंदाज आणले गेले. रॉय गिलख्रिस्ट हैदराबादकडून, चेस्टर वॉटसन दिल्लीकडून, लेस्टर किंग बंगालकडून आणि चार्ली स्टेयर्स मुंबईकडून खेळला. गिलख्रिस्टची निवड तर धाडसाचीच म्हणायची. १९५८-५९च्या भारत दौऱ्यातून त्याच्याच कर्णधाराने त्याला बेशिस्तीसाठी घरी पाठवलं होतं, आणि त्यानंतर तो वेस्ट इंडीजकडून कधीच खेळला नाही.

प्रयोगात थरार भरपूर होता. बंगालच्या पंकज रॉयने गिलख्रिस्टच्या हैदराबादविरुद्ध दोन्ही डावांत शतकं ठोकली, त्याची आठवण कोलकात्यातले जुने लोक काढत. पण प्रयोग एका हंगामात आटोपला. खेळपट्ट्या होत्या तशाच राहिल्या, क्लबांत नवा चेंडू हाताळणाऱ्या पोरांकडे कुणी पाहिलं नाही. १९६७च्या बर्मिंगहॅम कसोटीत भारताच्या गोलंदाजीची सुरुवात करणाऱ्यांत बुधी कुंदरन होता, म्हणजे मुळातला यष्टिरक्षक! चार पाहुण्यांनी एक हंगामभर फलंदाजांना सराव दिला. वेगवान गोलंदाज तयार करणं हे काम त्यांना कुणी दिलंच नव्हतं.

इंग्लिश कौंट्यांची अडचण वेगळी होती. युद्धानंतर तुडुंब भरणारी मैदानं साठच्या दशकात ओस पडू लागली होती. जन्म किंवा काही काळाचं वास्तव्य असल्याशिवाय कौंटीकडून खेळता येत नसे. १९६८पासून प्रत्येक कौंटीला एक परदेशी खेळाडू वास्तव्याच्या अटीविना थेट घेता येऊ लागला. नॉटिंगहॅमशायरने सोबर्सला कर्णधारच केलं. तळाकडे घुटमळणारा संघ त्या वर्षी चौथा आला आणि ३१ ऑगस्टला स्वान्सीत सोबर्सने माल्कम नॅशच्या एका षटकात सहा षटकार मारले. हॅम्पशायरला बॅरी रिचर्ड्स, ग्लूस्टरशायरला माइक प्रॉक्टर, लँकेशायरला फारूख इंजिनीअर मिळाला. इंजिनीअर आणि क्लाइव्ह लॉईडच्या लँकेशायरने मर्यादित षटकांच्या संडे लीगची पहिली दोन्ही विजेतेपदं जिंकली आणि १९७० ते १९७२ सलग तीन वर्षं जिलेट कप नेला. सॉमरसेटला तर पहिले करंडक १९७९मध्ये मिळाले, व्हिव्ह रिचर्ड्स आणि जोएल गार्नर यांच्यामुळे.

मग ओरड सुरू झाली की आपण आपल्याच शत्रूला धार लावून देतोय. ती खोटी नव्हती. १९७६मध्ये इंग्लंडला इंग्लंडमध्येच ३-० हरवणाऱ्या वेस्ट इंडीज संघात लॉईड, व्हिव्ह रिचर्ड्स, गॉर्डन ग्रीनिज, अँडी रॉबर्ट्स हे सगळे कौंटीत मुरलेले खेळाडू होते. इंग्लंडचा तेव्हाचा कर्णधार टोनी ग्रेग मात्र मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, ससेक्समार्गे इंग्लंडचा झालेला. आपला कोण आणि परका कोण, ही रेघ क्रिकेटमध्ये कधीच सरळ नव्हती. पुढे नियम हळूहळू आवळत नव्वदच्या दशकात संघागणिक एकाच परदेशी खेळाडूवर आले. यॉर्कशायर तोवर फक्त यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्यांनाच खेळवण्याचा हट्ट धरून होतं. १९९२मध्ये त्यांनी तो सोडला आणि पहिला परदेशी म्हणून १९ वर्षांचा सचिन तेंडुलकर तिथे गेला. दोन वर्षांनी वॉरविकशायरने मनोज प्रभाकर जखमी झाल्यामुळे ऐनवेळी ब्रायन लाराला घेतलं. त्याने डरहॅमविरुद्ध नाबाद ५०१ केल्या आणि संघाने त्या मोसमात तीन स्पर्धा जिंकल्या. बदली खेळाडूचं याहून मोठं यश शोधून सापडणार नाही.

आवळलेला नियम २००३मध्ये मागच्या दाराने सैल झाला. मारोस कोल्पाक हा स्लोव्हाकियाचा हँडबॉलपटू जर्मनीत खेळत होता. त्याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की युरोपीय संघाशी सहकार्य करार असलेल्या देशाच्या नागरिकाला, तो तिथे कायदेशीर नोकरीत असेल तर, परदेशी म्हणून कोट्यात अडकवता येणार नाही. असे करार दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि कॅरिबियन देशांशीही होते. २००४मध्ये लेस्टरशायरने क्लॉड हेंडरसनला या वाटेने घेतलं आणि मग रांगच लागली. अट एकच, करार असेतो आपल्या देशाकडून खेळायचं नाही. फॉर्मात असलेला कायल अ‍ॅबट २०१७मध्ये आणि डुआन ऑलिव्हिए २०१९मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ सोडून गेले. इंग्लिश मंडळाने स्वदेशी खेळाडू खेळवणाऱ्या कौंट्यांना जादा पैसे द्यायला सुरुवात केली, पण ही वाट खरी बंद झाली ती ब्रेक्झिटमुळे, २०२० संपताना.

आयपीएलने २००८मध्ये चारचा आकडा घेतला तेव्हा हा सगळा अनुभव समोर होता. पहिल्या हंगामात पाहुण्यांचंच राज्य होतं. सर्वाधिक धावा शॉन मार्शच्या, सर्वाधिक बळी सोहेल तन्वीरचे, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू शेन वॉटसन. विजेत्या राजस्थानचा कर्णधार आणि प्रशिक्षक शेन वॉर्न. या यादीतला वॉर्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. रवींद्र जडेजा आणि युसूफ पठाण यांना त्याने पाणी आणायला ठेवलं नाही, जबाबदारीच्या जागी खेळवलं.

चारच्या नियमाने एक गंमत केली. सात भारतीय खेळवणं सक्तीचं असल्यामुळे चांगले परदेशी सगळ्यांकडेच असतात, फरक पडतो तो पाचव्या-सहाव्या-सातव्या भारतीयामुळे. म्हणून संघांनी गावोगाव माणसं पाठवून पोरं हुडकायला सुरुवात केली. मुंबई इंडियन्सने जसप्रीत बुमराला रणजी पदार्पणाआधीच संघात घेतलं, आणि शेवटची षटकं कशी टाकायची हे त्याला लसिथ मलिंगाच्या शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं पाहता आलं. मलिंगा मुंबईशी बारा वर्षं जोडलेला होता, दीड महिन्याचा पाहुणा नव्हता. २०२१ ते २०२५ या पाचही हंगामांत पर्पल कॅप, म्हणजे सर्वाधिक बळी घेणाऱ्याची टोपी, भारतीय गोलंदाजाच्या डोक्यावर गेली. डगआउटला मात्र चारचा नियम लागू नाही. भारतीय मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आयपीएल जिंकायला २०२२ उजाडावं लागलं. आधी आशिष नेहरा, मग २०२४मध्ये चंद्रकांत पंडित.

पैशाचं गणितही याच नियमातून आलं. मिचेल स्टार्कवर २०२३च्या डिसेंबरमध्ये कोलकात्याने २४.७५ कोटींची बोली लावली. छोट्या लिलावात मोजकेच खेळाडू असतात, तेव्हा परदेशी वेगवान गोलंदाजाचा भाव असा चढतो. नंतर मंडळाने छोट्या लिलावात परदेशी खेळाडूच्या मानधनाला कमाल मर्यादा घातली आणि लिलावानंतर कारण नसताना माघार घेणाऱ्यावर दोन वर्षांची बंदी आणली. हॅरी ब्रूकला २०२५मध्ये तिचा फटका बसला.

नव्या लीगांत आकडे वेगवेगळे आहेत, कारण घरात खेळाडू किती आहेत यावर ते ठरतात. अमेरिकेच्या मेजर लीग क्रिकेटमध्ये सहा परदेशी चालतात, अमिरातीच्या लीगने पहिल्या वर्षी नऊपर्यंत मुभा दिली. अशा संघात घरचे दोघे खेळतात तेव्हा पाहुणे नेमके कोण, हा प्रश्नच आहे. सर्वात शहाणा नियम मला महिला प्रीमियर लीगचा वाटतो. चार परदेशी, आणि पाचवी हवी असेल तर ती सहयोगी देशाची, म्हणजे कसोटी दर्जा नसलेल्या देशाची. २०२३मध्ये दिल्लीने या सवलतीतून अमेरिकेच्या तारा नॉरिसला खेळवलं आणि पहिल्याच सामन्यात तिने पाच बळी घेतले. स्पर्धेतले ते पहिलेच पाच बळी.

भारतीय पुरुष खेळाडूंना मात्र बाहेरच्या लीगमध्ये जायला मंडळ परवानगी देत नाही, आधी भारतातून पूर्ण निवृत्ती घ्यावी लागते. दिनेश कार्तिकने ती घेतली आणि २०२५च्या जानेवारीत तो पार्ल रॉयल्सकडून दक्षिण आफ्रिकेच्या लीगमध्ये उतरला, वयाच्या ३९व्या वर्षी. स्मृती मानधना आणि हरमनप्रीत कौर २०१६मध्येच ऑस्ट्रेलियाच्या महिला बिग बॅश लीगमध्ये खेळून आल्या होत्या.