क्रीमी लेयर मोजताना पगार का धरत नाहीत?

दरवर्षी ॲडमिशनच्या सीझनला सेतू केंद्रासमोर रांग लागली की एक वाद हमखास कानावर येतो, की अमक्याचे आईवडील दोघंही सरकारी नोकरीत, दोघांचा मिळून पगार बारा लाखाच्या वर, मर्यादा तर ८ लाखाची, मग पोराला नॉन-क्रीमी लेयर (ओबीसी आरक्षणासाठी लागणारा, 'समाजातल्या वरच्या थरात नाही' असा दाखला) मिळालंच कसं, काहीतरी सेटिंग असणार. सेटिंग नसते हो बहुतेक वेळा. नियमच तसा आहे, ३० वर्षांहून जुना आहे, आणि तो दाखला वर्षानुवर्षं काढणाऱ्यांनाही नीट माहीत नसतो.

१९०२ चं कोल्हापूर संस्थानातलं आरक्षण, १९९० ची मंडल आंदोलनं वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देतो. शब्दाचं मात्र सांगायला हवं, कारण 'क्रीमी लेयर' हा शब्द कोर्टात गाजला तो ओबीसींच्या केसमध्ये नाहीच. १९७५ मध्ये केरळातल्या कारकुनांच्या प्रमोशनची एक केस होती, एससी-एसटी कर्मचाऱ्यांना खात्याची परीक्षा पास व्हायला जास्त मुदत द्यावी की नको अशी. त्यात एका न्यायमूर्तींनी लिहिलं की मागास समाजातला वरचा थरच फायदे घेऊन जातो. पुढे १६ नोव्हेंबर १९९२ ला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ओबीसींचं २७ टक्के आरक्षण मान्य केलं आणि सोबत हाच वरचा थर बाजूला काढा म्हणून सांगितलं, एससी-एसटीला मात्र हे लागू नाही असंही सांगितलं. म्हणजे शब्द एकांच्या केसमधून आला आणि बसला दुसऱ्यांना. मराठी जीआरमध्ये त्याचं 'उन्नत व प्रगत गट' झालं, जे कोणीच बोलत नाही. घरात साय म्हणजे जपून ठेवायची गोष्ट, इथे मात्र आपण साय नाही असा दाखला काढायचा.

आता मुद्द्याचं. ८ सप्टेंबर १९९३ ला केंद्राचा आदेश निघाला. त्यात वरचा थर ठरवला तो मुख्यतः आईवडिलांच्या हुद्द्यावर. आई किंवा वडील थेट क्लास वन म्हणून लागलेले असतील तर मुलं क्रीमी लेयरमध्ये, दोघंही क्लास टू असतील तरी तेच, आणि वडील क्लास टू मधून चाळिशीच्या आत क्लास वन झाले तरीही. शेतीला उत्पन्नाची कसोटी नाही, जमिनीची लावली, बागायत जमीन सिलिंगच्या (कायद्याने ठरवलेल्या कमाल जमिनीच्या) ८५ टक्के किंवा जास्त असेल तर आरक्षणाबाहेर. उत्पन्नाची कसोटी उरली धंदा, भाडं, व्याज असल्या इतर उत्पन्नासाठी, आणि तिथे स्पष्ट लिहिलं की पगार आणि शेतीचं उत्पन्न यात मिळवायचं नाही. तेव्हा मर्यादा होती १ लाख, तीही सलग तीन वर्षं ओलांडली तरच. म्हणून तहसीलमधल्या दोन कारकुनांचा पगार कितीही वाढला तरी मूल नॉन-क्रीमीच.

यामागचा विचार मला तरी पटतो, पगार हा वेतन आयोगाबरोबर वाढतो, त्याने समाजातली पत वाढतेच असं नाही, साहेब आणि कारकून यातला फरक पैशाने मोजता येत नाही. पण घोळ झाला तो पीएसयू म्हणजे सरकारी कंपन्या आणि सरकारी बँकांचा. त्यांचे हुद्दे सरकारी हुद्द्यांशी जुळवून घ्यायचे होते, ते काम झालंच नाही, आणि जुळवणी होईपर्यंत त्यांना उत्पन्नाची कसोटी लावायची असं ठरलं. २००४ च्या खुलाशात तर त्यांच्या पगाराचीच मर्यादेशी तुलना करायची पद्धत आली, इतर उत्पन्न वेगळं मोजून. म्हणजे सरकारी क्लार्कचा पगार मोजायचा नाही आणि सरकारी बँकेच्या क्लार्कचा मोजायचा!! यूपीएससी पास होऊन कागद तपासणीत अडकलेली मुलं यातूनच आली, कोर्टकचेऱ्या झाल्या. जुळवणीचा आदेश निघाला २०१७ मध्ये, तब्बल २४ वर्षांनी. त्यात बँकेतला स्केल वनचा, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीचा ऑफिसर क्लास वनच्या बरोबरीचा धरला, जे अनेक बँकवाल्यांना अजून मान्य नाही.

मर्यादा दर तीन वर्षांनी किंवा गरज पडली तर त्याआधीही बघायची हेही १९९३ मध्येच लिहिलेलं. प्रत्यक्षात २००४ ला अडीच लाख, २००८ ला साडेचार, २०१३ ला ६ आणि २०१७ ला ८ लाख. तिथेच गाडी थांबली. महाराष्ट्रात ही अट विजाभज (विमुक्त जाती-भटक्या जमाती) आणि एसबीसीलाही (विशेष मागास प्रवर्ग) आहे, म्हणजे त्यातल्या अनेक कुटुंबांनाही तोच दाखला काढावा लागतो.

२०१९ मध्ये ईडब्ल्यूएसचं म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बलांचं १० टक्के आरक्षण आलं तेव्हा मर्यादा पुन्हा ८ लाखच ठेवली, पण तिथे पगार, शेती, सगळंच धरतात. आकडा एकच आणि मोजमाप दोन, त्यामुळे रांगेतला वाद आणखी वाढला. पगारही धरा आणि मर्यादा वाढवा असा प्रस्ताव २०२० च्या सुमारास चर्चेत होता, ओबीसी संघटनांनी विरोध केला. ऑगस्ट २०२४ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने एससीमध्ये उपवर्गीकरण करायला, म्हणजे पोटगट पाडायला परवानगी दिली आणि त्यातल्या चौघांनी एससी-एसटीलाही क्रीमी लेयर असावा असं मत मांडलं, त्यावर केंद्राने लगेच सांगून टाकलं की तसं काही करणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, राज्य मंत्रिमंडळाने मर्यादा १५ लाख करावी अशी शिफारस केंद्राकडे करायचं ठरवलं. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी आकडा केंद्रच ठरवतं, आणि राज्यातला फॉर्म भरतानाही आपण तोच ८ लाखाचा आकडा बघत बसतो.