एकूण सायटेशन्स की एच-इंडेक्स? मटेरियल्स सायन्समधल्या संशोधकाचे दोन आकडे

मटेरियल्स सायन्समधल्या एखाद्या संशोधकाचं गूगल स्कॉलरवरचं (संशोधन पेपर शोधायच्या गूगलच्या सेवेवरचं) प्रोफाइल उघडलं की एक छोटा तक्ता दिसतो. त्यात वर एकूण सायटेशन्स आणि खाली एच-इंडेक्स. दोन्ही आकडे सायटेशन्सवरूनच निघतात, त्यामुळे एक मोठा असेल तर दुसराही मोठाच असणार असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तसं असतंही. पण दोघांत मोठी तफावत दिसली, तर तिथे थांबून पाहावं.

एकूण सायटेशन्स म्हणजे निव्वळ बेरीज. त्या व्यक्तीचे सगळे पेपर मिळून इतरांच्या संदर्भसूचीत कितीदा आले, एवढंच ती सांगते. एच-इंडेक्स ही कल्पना होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये मांडली. पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि मोजत खाली यायचं. ज्या क्रमांकापर्यंत पेपरची सायटेशन्स त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तो शेवटचा क्रमांक म्हणजे एच.

समजा, एकीचे दहा पेपर आहेत. पहिल्याला 5000 सायटेशन्स, बाकीच्यांना 12, 9, 8, 6, 5, 4, 3, 2 आणि 1. बेरीज 5050, एच-इंडेक्स मात्र 5. दुसऱ्याचे तीस पेपर, प्रत्येकाला 40 सायटेशन्स. बेरीज जेमतेम 1200, पण एच-इंडेक्स 30. यात मोठा कोण, हे नुसत्या आकड्यांवरून ठरवायला गेलात तर फसाल. पहिलीने कदाचित सगळ्या क्षेत्राची पद्धत बदलली असेल.

हे उदाहरण टोकाचं आहे खरं, पण या शाखेत त्याच्या जवळ जाणारी माणसं भेटतात, कारण इथे पद्धतीचे पेपर अफाट उद्धृत होतात. पर्ड्यू, बर्क आणि अर्न्झरहॉफ यांचा 1996 चा पेपर घ्या. डेन्सिटी फंक्शनल थिअरीने, म्हणजे पदार्थाचे गुणधर्म संगणकावर काढायच्या पद्धतीने, गणितं करणारे असंख्य लोक त्याचा हवाला देतात आणि त्याची सायटेशन्स लाखाच्या पुढे गेली आहेत. एक्स-रे किंवा न्यूट्रॉन डिफ्रॅक्शनचा (किरणांच्या विखुरण्यावरून स्फटिकरचना ओळखायचा) डेटा तपासणारे रिटव्हेल्डचा 1969 चा पेपर देतात, तर नॅनोइंडेंटेशनने (अतिसूक्ष्म टोक पदार्थात दाबून) कठीणपणा मोजणारे ऑलिव्हर आणि फार (Pharr) यांचा 1992 चा. अशा लाखभर सायटेशन्सच्या पेपरने लेखकाच्या एच-इंडेक्समध्ये भर पडते फक्त एकाची. शिखर किती उंच आहे याच्याशी या आकड्याला कर्तव्यच नाही.

 

दोन्ही आकडे एकत्र वाचायची एक सोपी रीत हिर्शच्याच पेपरात आहे. एकूण सायटेशन्सना एच-इंडेक्सच्या वर्गाने भागायचं. उत्तर बहुधा 3 ते 5 च्या दरम्यान येतं, असं त्याचं निरीक्षण होतं. म्हणजे एच-इंडेक्स 40 असेल तर एकूण सायटेशन्स साधारण 4800 ते 8000 अपेक्षित. त्याऐवजी 30,000 दिसली, तर यादीच्या माथ्यावर एखादा प्रचंड पेपर बसलेला असणार. तो पद्धतीचा आहे, रिव्ह्यू (इतरांच्या कामाचा आढावा) आहे की नवा शोध, हे बघायलाच हवं. रिव्ह्यू पेपर सायटेशन्स भरभरून ओढतात आणि त्यात स्वतःचा प्रयोग एकही नसू शकतो. उलट भागाकार 3 च्या बराच खाली आला, तर काम सातत्याचं आहे पण उठून दिसणारा पेपर नाही, असा अंदाज बांधता येतो.

वाढवून दाखवण्याच्या बाबतीत एच-इंडेक्स जास्त नाजूक आहे, असं माझं मत. एच 40 वर अडकला असेल आणि उंबरठ्यावरच्या एकदोन पेपरना चारदोन सायटेशन्स कमी पडत असतील, तर आपल्याच पुढच्या पेपरमध्ये नेमका त्यांचा हवाला देऊन 41 गाठता येतो. हजारोंच्या बेरजेत ती चार सायटेशन्स कोणाच्या लक्षातही येत नाहीत. आणि एकदा चढलेला एच-इंडेक्स सहसा उतरत नाही. संशोधन थांबलं तरी जुन्या पेपरच्या जोरावर तो वाढत राहू शकतो.

सायटेशन्स मोजणाऱ्या स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि गूगल स्कॉलर यांचे आकडे जुळत नाहीत. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (जर्नलमध्ये येण्याआधीचे मसुदे) मोजतो, म्हणून तिथे आकडा बहुतेक वेळा फुगलेला. दोघांची तुलना करताना स्रोत एकच ठेवावा.

लेखकांच्या यादीतलं स्थान दोन्ही आकड्यांना दिसत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवणाऱ्या तज्ज्ञाचं नाव वीस वेगवेगळ्या गटांच्या पेपरवर येऊ शकतं आणि प्रत्येक पेपरची सायटेशन्स त्याच्या खात्यात पूर्ण जमा होतात. ज्याने तो पदार्थ पहिल्यांदा बनवला त्याच्याही खात्यात तेवढीच. कोणी काय केलं हे शोधायचं तर पेपर उघडून लेखकांच्या योगदानाचा परिच्छेद वाचावा लागतो. अनेक जर्नल्समध्ये तो शेवटी, आभारांच्या आसपास असतो.