पुढचं गणित (अकरावी-बारावी, खान्देश)

पुढचं गणित म्हणजे दहावीनंतरचं डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, व्हेक्टर वगैरे, आणि त्याच्या बाजूला ऑलिम्पियाडसारख्या गणित-स्पर्धांचं खरं डोकं लावायचं गणित. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावांतल्या पोरापोरींपर्यंत ते पोचवायचं कसं, हा या नोंदीचा विषय.

खान्देशाला हे काही नवीन नाही बरं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे की भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथे मठ काढला, साल १२०७. त्या भास्कराचार्यांनी सोडवलेला एक प्रश्न बघा: कुठल्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की परत पूर्ण वर्गच येतो? प्रश्न सातवीच्या पोरालाही कळेल, पण शून्य सोडलं तर सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८०!

मग आज अडतं कुठे? माझ्या मते सगळ्यात जास्त भाषेत. घरी अहिराणी नाहीतर भिली-पावरी, शाळेत मराठी आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्लिश पुस्तक. दहावीत क्रेमरच्या पद्धतीने निश्चयक झटपट सोडवणारी मुलगी अकरावीत 'डिटर्मिनंट' वाचून गप्प बसते, तेच चार आकडे, तोच तिरपा गुणाकार आणि वजाबाकी, पण तिला कोणी सांगितलेलंच नसतं की बाई हे तुला येतं. सरांनी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहून नुसतं "समजनं का?" विचारलं तरी वर्ग मोकळा होतो.

दुसरं म्हणजे अंतर. नंदुरबारच्या डोंगराळ धडगाव-अक्कलकुव्याकडून रोज क्लासला जिल्ह्याच्या गावी येणं जमत नाही. त्यात अकरावीला नुसती बायोलॉजी धरून गणित सोडलं की इंजिनिअरिंगच्या सीईटीचा पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुप गेलाच, आणि हा निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षी, बऱ्याचदा मित्र काय घेतो ते बघून होतो. इंग्लंडमध्ये 'फर्दर मॅथेमॅटिक्स' हा ए-लेव्हलचा (म्हणजे तिकडच्या अकरावी-बारावीचा) वेगळाच विषय आहे आणि शाळेत शिकवणारं कोणी नसलं तर ऑनलाइन शिकायची सोय असते. तसं दोन-तीन ज्युनिअर कॉलेजांनी मिळून आठवड्यातून एक तास घेतला तरी खूप होईल.

ऑलिम्पियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम ही देशभरची पात्रता परीक्षा, आठवी ते बारावीच्या मुलांसाठी असते: तीन तास, ३० प्रश्न. त्यात डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन लागतच नाही, संख्या, भूमिती, बीजगणित आणि मोजणी (एखादी गोष्ट किती प्रकारे होऊ शकते ते) एवढंच, म्हणजे बारावीचा पोर्शन व्हायची वाट न बघता नववीतच सुरुवात करता येते.