उलटी न होणाऱ्या जिवाचा खाऊ

माझ्या पाळीव उंदराला, मिरीला, वाटाणा दिला की ती आधी तो दोन्ही हातांत धरून गोल फिरवते. तिच्या पुढच्या पंजाला नीट अशी चारच बोटं आहेत, अंगठ्याच्या जागी नुसता ठोंब आणि त्यावर इवलंसं नख. तेवढ्यावर ती वाटाण्याचं साल अलगद सोलते, आतला गर संपवते आणि पिंजऱ्याच्या तळाशी एक पातळ, पारदर्शक साल उरते. फुंकर मारली तर उडेल अशी. मग ती पुन्हा जाळीपाशी येऊन उभी राहते, नाक हलवत.

ज्यांच्या घरी पाळीव उंदीर आहेत त्यांना पुढचा क्षण ठाऊक आहे. आपल्या हातात जे असेल त्याचा तुकडा तोडून द्यावासा वाटतो: बिस्किट, चीज, बदाम, काहीही. या मोहात प्रेमच असतं. पण समोरच्या जिवाचं शरीर आपल्यासारखं नाही, आणि कुत्र्या-मांजरासारखंही नाही. खाऊ निवडायचा तो त्या शरीराकडे बघून.

सगळ्यात आधी लक्षात ठेवायची गोष्ट ही की उंदराला उलटी होत नाही. चुकून होत नाही असं नव्हे, होऊच शकत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला अडसर एवढा पक्का असतो की पोटात गेलेलं वर येत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गटातल्या वेगवेगळ्या कुळांतल्या प्राण्यांना उलटी आणणारी औषधं देऊन पाहिली. एकानेही उलटी केली नाही. उलटीसाठी मेंदूच्या बुंध्याकडून स्नायूंना जी तालबद्ध आज्ञा जावी लागते, तीच उंदरात सापडली नाही. मळमळलं की उंदीर माती खातो. प्रयोगशाळेत त्याला चिनी मातीच्या गोळ्या ठेवल्या, तर पोट बिघडलेलं असताना तो त्या कुरतडतो, आणि संशोधक त्यावरूनच त्याची मळमळ मोजतात. आत गेलेलं बाहेर टाकण्याची सोय नसलेला प्राणी तगायचा असेल, तर त्याने तोंडापाशीच सावध असायला हवं. जंगली उंदीर तसा असतोच.

त्याची ही सावधगिरी तिहेरी आहे. पहिली, नव्याची धास्ती. अनोळखी पदार्थ दिसला की तो टाळायचा, फार तर कणभर चाखायचा आणि थांबायचं. दुसरी, आठवण. जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पिताना गॅमा किरणांखाली ठेवलं. किरणांमुळे ते आजारले, आणि नंतर एरवी आवडणाऱ्या त्याच गोड पाण्याकडे त्यांनी पाठ फिरवली. पुढच्या प्रयोगांत दिसलं की चाखणं आणि आजारपण यांत काही तासांचं अंतर असलं तरी हा तिटकारा बसतो. तिसरी सावधगिरी मला सगळ्यांत हृद्य वाटते: सोबत्याचं तोंड हुंगणं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गेलेफ यांनी दाखवलं की एका उंदराने काय खाल्लं ते दुसरा त्याच्या श्वासावरून ओळखतो आणि नंतर तोच पदार्थ पसंत करतो. नुसता पदार्थाचा वास पुरत नाही, त्याला जिवंत सोबत्याच्या श्वासाची जोड लागते. उंदराच्या श्वासातला कार्बन डायसल्फाइड हा त्यातला दुवा, हे १९८८ साली स्पष्ट झालं.

पिढ्यान्पिढ्या माणसाच्या हातून खाणाऱ्या पाळीव उंदरात ही धास्ती बरीच ओसरलेली असते. तो आपल्या बोटांना ओळखतो आणि बोटांतून आलेलं घेतो. म्हणजे त्याने जी राखण सोडून दिली, ती आता आपल्याकडे आली. म्हणून नवा पदार्थ द्यायचा तर मी जंगली उंदराचीच रीत पाळते: एका वेळी एकच नवी गोष्ट, नखाएवढा तुकडा, आणि मग एक दिवस वाट. लेंड्या नेहमीसारख्या आहेत ना, अंग फुगवून कोपऱ्यात बसली नाही ना, हे बघून पुढचा तुकडा.

आता आकार. पूर्ण वाढलेल्या मादीचं वजन साधारण ३०० ग्रॅम, नर त्याहून बराच थोराड. मादीला दिवसाला सुमारे ६० किलोकॅलरी ऊर्जा लागते. एका बदामात साधारण ७ किलोकॅलरी असतात, म्हणजे तिच्या दिवसभराच्या अन्नाचा जवळपास नववा हिस्सा. रोज २००० किलोकॅलरी खाणाऱ्या माणसाच्या हिशोबात तो एक बदाम सव्वादोनशे किलोकॅलरींचा झाला. एक शेंगदाणा ४ किलोकॅलरींच्या आसपास. तीन बदाम दिले तर एक तृतीयांश दिवस तिथेच संपला, आणि त्या प्रमाणात तिच्या नेहमीच्या खाण्यातली प्रथिनं, क्षार, तंतू पोटात जायचे राहिले.

याउलट सूर्यफुलाची सोललेली एक बी आणि एक हिरवा वाटाणा यांची ऊर्जा जवळपास सारखीच, पाव ते अर्धा किलोकॅलरी. पण बी दोन दातांत संपते आणि वाटाणा सोलायला, फिरवायला, चाखायला वेळ लागतो. उंदराला खाऊचं सुख मिळतं ते मुख्यतः अशा उद्योगात. म्हणून हात सैल सोडायचा तो वाटाण्यावर. बिया आणि कवचाची फळं मोजून, शिकवण्यापुरती: हाक मारल्यावर आली, पिशवीत स्वतःहून शिरली, की एक बी. सगळा खाऊ मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवला की तोल सांभाळला जातो.

हा तोल बिघडला की काय होतं हे उंदरांवरच तपासून झालं आहे. १९७६ साली अँथनी स्क्लाफानी आणि डेलेरी स्प्रिंगर यांनी प्रौढ उंदरांना नेहमीच्या खाद्याबरोबर माणसांच्या दुकानातला खाऊ मोकळा ठेवला: चॉकलेट, बिस्किटं, चीज, पीनट बटर असं. उंदीर भराभर लठ्ठ झाले. भुकेचा लगाम त्यांच्याकडे आहे, पण गोड आणि तेलकट यांच्या मिश्रणापुढे तो टिकत नाही. दुसरी बाजू त्याहून जुनी आहे. कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ साली दाखवलं की पोषक घटक पुरेसे ठेवून ऊर्जा कमी केली तर उंदीर जास्त जगतात. पाळीव उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. माद्यांना उतारवयात स्तनग्रंथींच्या गाठी होण्याचं प्रमाण मोठं आहे, नरांची मूत्रपिंडं थकतात, आणि मोजकं खाणाऱ्या उंदरांत या दोन्ही गोष्टी कमी दिसतात. जड झालेल्या उंदराच्या तळपायांना फोड येऊन ते चिघळतात, ते दुखणं तर महिनोन्महिने पाठ सोडत नाही. वजनकाट्यावर दर आठवड्याला एक वाटी ठेवून त्यात उंदराला बसवणं हे मला कुठल्याही महागड्या खाऊपेक्षा मोठं लाड करणं वाटतं.

द्यायचं काय, तर यादी साधी आहे. वाटाणा, काकडी, ब्रोकोली, गाजर, ढोबळी मिरची, शिजवलेला भोपळा. फळांत सफरचंदाची फोड (बिया काढून), केळ्याची चकती, एखादी ब्लूबेरी किंवा अर्धं द्राक्ष. कोरडे ओट्स, शिजवलेला भात किंवा पास्ताचा तुकडा. अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा कण. वाढत्या पिल्लांना आणि पिल्लांना पाजणाऱ्या आईला हे प्रथिनांचं थोडं जास्त चालतं. ‘व्हिटॅमिन सी’युक्त म्हणून विकला जाणारा खाऊ घेण्याची गरज नाही, कारण उंदीर हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतो. आपल्याला आणि गिनिपिगला ते जमत नाही. दात झिजवण्यासाठी कडक खाऊ हवा हाही समज तितकासा खरा नाही. पटाशीचे दात जन्मभर वाढतात हे खरं, पण उंदीर ते मुख्यतः एकमेकांवर घासून झिजवतो. निवांत असताना येणारा तो बारीक करकर आवाज त्याचाच. साखरेने भरलेले योगर्ट ड्रॉप्स मात्र दुकानातच राहू द्यावेत.

आता न देण्याच्या गोष्टी. इथे मला सगळ्यांत जास्त गोंधळ दिसतो, कारण कुत्र्यांसाठी केलेली यादी उंदरांना लावली जाते. द्राक्षं कुत्र्याला घातक ठरू शकतात, उंदराला नाहीत. चॉकलेटमधलं, कुत्र्याला विषारी ठरणारं थिओब्रोमीन उंदीर कुत्र्यापेक्षा बरंच जास्त सोसतो. तरी चॉकलेट टाळायचं, ते त्यातल्या साखर आणि चरबीसाठी.

संत्र्याची गोष्ट वेगळीच आहे. संत्र्या-लिंबाच्या सालीतल्या तेलात लिमोनीन नावाचा सुवासिक पदार्थ भरपूर असतो. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने तो मक्याच्या तेलात मिसळून आठवड्याचे पाच दिवस, जवळपास दोन वर्षं उंदरांच्या पोटात घातला. १९९० च्या अहवालात निष्कर्ष आला तो असा: नरांच्या मूत्रपिंडांत गाठी झाल्या, माद्यांच्या नाही. कारण नर उंदराचं यकृत अल्फा-२यू-ग्लोब्युलिन नावाचं एक प्रथिन बनवतं. लिमोनीनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ त्या प्रथिनाला चिकटतो, मग ते मूत्रपिंडाच्या पेशींत पचत नाही, साठत जातं आणि पेशींना इजा करत राहतं. माणसात या गाठींची ही वाटच नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ साली लिमोनीनला माणसासाठी कर्करोगकारक ठरवता न येणाऱ्या गटात ठेवलं. सोललेल्या फोडीत लिमोनीन फार थोडं असतं, प्रयोगातल्या मात्रेच्या जवळपासही नसतं. तरी मी नरांना संत्रं देत नाही. दुसरे वीस पदार्थ असताना त्याच एकासाठी हट्ट कशाला? संत्रं सोलल्यावर हात धुऊन मगच पिंजऱ्याशी जाते.

शेंगदाण्याबद्दलची काळजी ऊर्जेपुरती नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतला तेव्हा धागा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी पोहोचला, आणि त्यातल्या बुरशीने तयार केलेल्या अफ्लाटॉक्सिनचा पत्ता लागला. यकृताचा कर्करोग करणाऱ्या या विषाला उंदीर फार हळवे आहेत. भाजल्याने ते कमी होतं, पण पूर्ण जात नाही. म्हणून जुना, खवट, डाग पडलेला किंवा सुरकुतलेला दाणा, बदाम, मका उंदराला द्यायचा नाही. ‘आपण खात नाही, ते उंदीर खाईल’ ही सवय इथे जिवावर बेतते. निळ्या बुरशीचं चीजही मी देत नाही.

कच्चा राजमा आणि इतर कच्ची कोरडी कडधान्यं टाळायची. राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन आतड्याच्या अस्तराला चिकटतं, आणि कच्च्या राजम्यावर ठेवलेल्या उंदरांचं वजन घटत जातं. भिजवून खळखळ उकळला की तो निर्धोक होतो. हिरवा पडलेला किंवा मोड आलेला बटाटा, ऱ्हुबार्बची पानं, ॲव्होकॅडोची साल आणि बाठा, सफरचंदाच्या बिया: नाही.

पीनट बटरच्या गोळ्याने कुणाला विष होत नाही, पण तो घशात बसतो, आणि उंदराला तो उलटवून टाकता येत नाही. घास अडकलेला उंदीर हनुवटी छातीशी ओढतो, लाळ गाळतो, पंजाने तोंड पुसत राहतो. अशा वेळी आणखी खायला-प्यायला घालू नये. बऱ्याचदा थोड्या वेळाने घास सरकतो, पण श्वासाची ओढाताण दिसली की पशुवैद्याकडेच जायला हवं. पीनट बटर द्यायचंच तर काकडीच्या चकतीवर दिसेल न दिसेल असा पातळ थर.

खाऊ कसा द्यायचा यालाही तितकंच महत्त्व आहे. ग्लेन जेन्सन यांनी १९६३ साली पाहिलं की शेजारी भरलेली वाटी असतानाही उंदीर दांडी दाबून मिळणारं अन्न घ्यायला जातात. मिळवण्यात त्यांना गोडी असते. माझ्याकडे त्यासाठी एक उथळ ताट आहे. दोन बोटं पाणी आणि त्यात बर्फ वितळलेले डझनभर फ्रोझन वाटाणे. पहिल्या दिवशी मिरी काठावर उभी राहून नुसतीच मिशा फिरवत होती. तिसऱ्या दिवशी तिने डोळे मिटून तोंड पाण्यात घातलं आणि वाटाणा घेऊन वर आली. माझा नर उंदीर बंड्या अजून हातच घालतो, कोपरापर्यंत.

तिने वर काढलेले सगळेच वाटाणे ती तिथे खात नाही. काही घरट्यात नेऊन दडवते, उंदराची साठवणीची सवयच ती. ओला खाऊ तिथे दोन दिवसांत बुरसतो, म्हणून रात्री झोपण्यापूर्वी मी कापडाच्या घड्या उलगडून बघते.

बंड्या आता अडीच वर्षांचा आहे. त्याचे मागचे पाय ओढतात, आणि वाटाणा हातांत धरून बसताना तो एका बाजूला कलतो. त्याच्यासाठी मी वाटाणा चिमटीत दाबून साल काढते आणि गर बोटावर ठेवते. तो बोट दोन्ही हातांनी धरतो आणि चाटून पुसून घेतो.